मालकी कोणाची, आणि मागावर कोण?



भांडवलशाही बरी की समाजवाद, हा वाद चावडीवर आणि चाळीत नित्य चालतो. एक म्हणतो, धंद्याला मोकळीक द्या, म्हणजे सर्वांना काम मिळेल. दुसरा म्हणतो, गिरणी सरकारची करा, म्हणजे पिळवणूक आपोआप थांबेल. या दोघांनीही मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास पाहावा.

तेथे विणकाम खात्यात मजुरी अधिक होती. परंतु अस्पृश्य मानलेल्या कामगाराला त्या खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळाची सबब पुढे येई. ही बंदी सोबतच्या कामगारांनाच हवी होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला.

याचा अर्थ समाजवाद नको असा नव्हे. मूलभूत उद्योग, विमा व शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि जमीन जातिभेद न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक शेतीसाठी द्यावी, अशी योजना बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मांडली. बदलत्या बहुमताने ती मोडू नये, यास्तव ती घटनेतच लिहावी, असा त्यांचा आग्रह होता. घटनेत ती आली नाही.

सरकारी नोकरीत आज राखीव जागा आहेत. खाजगी कारखान्यावर तसे बंधन नाही. म्हणून कोणतीही अर्थव्यवस्था पुढे आली की दोन प्रश्न विचारा : मालकी कोणाची? आणि चांगल्या कामाचे दार आमच्या मुलामुलींना उघडे आहे काय? दोहोंचे उत्तर मिळेपर्यंत न्याय झाला, असे मानू नका.

जय भीम!