घामाचा इतिहास गावोगावी

(कसबा बावडा येथील व्याख्यानाचा मजकूर)



बावड्याच्या वाटेवरचा न्यू पॅलेस पाहायला दूरदूरचे प्रवासी येतात. तेथील शस्त्रे, पोशाख, शिकारीतील पेंढा भरलेले वाघ पाहून थक्क होतात. १८८४ साली पूर्ण झालेल्या या वास्तूचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अधिकाऱ्याचा, हेही त्यांना सांगितले जाते. तो काळा दगड ज्यांनी खाणीतून काढला, छिन्नीने घडवला आणि भिंतीवर चढवला, त्या पाथरवटांची नावे मात्र कोणाच्या कानी पडत नाहीत. इतिहास म्हणजे राजाचा आणि लढाईचा, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे की, कष्टालाही इतिहास असतो हे मुद्दाम सांगावे लागते.

अमेरिकेसारख्या अवघ्या अडीचशे वर्षांच्या राष्ट्राने ही गोष्ट ओळखली. तेथील स्मिथसोनियन संस्थेने 'द वे वुई वर्क्ड' नावाचे फिरते प्रदर्शन सिद्ध केले. राष्ट्रीय अभिलेखागारातील जुनी छायाचित्रे घेऊन ते लहान लहान गावांत गेले. शेतमजूर, खाणकामगार, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया हे त्याचे नायक. त्यातील घेण्याजोगा भाग असा की, प्रदर्शन ज्या गावी जाई, त्या गावाने आपल्या व्यवसायांचे दालन स्वतः मांडावे अशी अपेक्षा असे. पाहुणा आला म्हणून घर आवरावे, तसे गाव आपला विसरलेला ठेवा आवरू लागे.

आपल्याकडे असे काही झालेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्य वेचून अडकित्ते, दिवे, दौती, भांडी अशा घरगुती वस्तू गोळा केल्या आणि १९७५ साली तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये प्रदर्शन मांडून ते शाळांच्या दारी नेले. आणि कोल्हापूरकरांना तर दूर जायलाच नको. कणेरीच्या सिद्धगिरी मठाच्या परिसरात ग्रामजीवनाचे जे संग्रहालय उभे आहे, त्यात बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार आपापल्या कामात मग्न असलेले दिसतात. कुंभाराचे चाक, लोहाराचा भाता, सुताराचा वाकस यांची नावे आजच्या इंग्रजी माध्यमातील मुलाला तेथेच प्रथम कळतात. स्वावलंबी गावाचे इतके जिवंत दर्शन क्वचितच कोठे घडत असेल.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो आपल्याच माणसांनी विचारला पाहिजे. पुतळा कधी तक्रार करीत नाही. शिल्पातील चर्मकार शांतपणे चप्पल शिवतो; त्याचे घर गावाच्या कोणत्या टोकाला होते आणि त्याला विहिरीवर पाणी मिळत होते का, हे शिल्प सांगू शकत नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहून ही सारी व्यवस्था नोंदवून ठेवली. बलुतेदार वर्षभर काम करी आणि सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने आपला हक्क घेई. या हक्काच्याही ओळी असत : थोरली, मधली, धाकटी. गावोगावी त्यांत फरक पडे; पण सुतार-लोहारांबरोबर महार बहुधा थोरल्या ओळीत असे आणि गुरव, जोशी, मुलाणा हे धाकट्या ओळीत. म्हणजे धान्य मोजताना ज्याचा मान मोठा, तोच पाणवठ्यावर आणि देवळाच्या पायरीशी परका! त्याच्या कामावाचून गावाचे एक दिवस चालत नसे, हे गावाला पक्के ठाऊक होते. ठाऊक असूनही जे घडले, त्याला अज्ञान म्हणून सोडून देता येत नाही.

परंपरेनेच याची साक्ष जपून ठेवली आहे. संत चोखामेळा १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम करीत असता ती कोसळून दगडमातीखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या आणि महाद्वारी समाधी बांधली. भक्तीचा म्हणून हा प्रसंग आपण सांगतो, आणि तो सांगावाच. परंतु ती कष्टाच्या इतिहासातीलही एक नोंद आहे : भिंत गावाच्या रक्षणाची, बांधणारा गावाबाहेरचा. बाळासाहेब देवरसांनी १९७४ साली पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत अस्पृश्यतेविषयी जी निःसंदिग्ध भूमिका मांडली, ती मानणाऱ्या कार्यकर्त्याला आपल्या प्रदर्शनातून हे पान वगळता येणार नाही.

आणि हे पान लिहिण्याचा अधिकार बावड्याइतका कोणाचा? येथील लक्ष्मी विलास राजवाड्यात २६ जून १८७४ रोजी शाहू महाराजांचा जन्म झाला. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. १९१८ साली त्यांनी महार वतने रद्द केली, याचा मात्र उल्लेख ओझरता होतो. वतन गेले म्हणजे जन्माने गळ्यात पडलेली राबणूक गेली. त्याच राजाने १९०६ साली सूतगिरणीचा पाया घातला. जुने काम सोडायची मुभा द्यायची तर नवे कामही उभे करावे लागते, हे त्या राजाला कळत होते. ती शाहू मिल २००३ साली बंद पडली. तिच्या भोंग्यावर घड्याळे लावणारी पिढी अजून कोल्हापुरात आहे.

राजवाड्याच्या पागेत चाकरी करणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलेच, शिवाय गंगारामांना स्वतःचा धंदा काढण्यास पाठबळ दिले. भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हॉटेल निघाले आणि छत्रपती स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले. राजाच्या हातातील कप पाहिल्यावर बरोबरच्या मंडळींना नाही म्हणण्याची सोय उरली नसणार.

जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि उगमाचा उल्लेख केला नाही, म्हणून महाराष्ट्र संतापला. संताप रास्तच होता. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे कमावण्यापासून वादी विणण्यापर्यंतचे काम कोणत्या हातांचे, त्यांत घरातील स्त्रियांचा वाटा किती, हे त्या संतापलेल्यांपैकी कितीजण सांगू शकले असते? मिलानने नाव घेतले नाही याचा राग येतो. आपण तरी त्या कारागिराचे नाव दुकानाच्या पाटीवर कधी वाचले?

म्हणून बावड्यातून निघणारे प्रदर्शन पुतळ्यांचे नसावे, नावांचे असावे. सामग्री दारातच आहे. राजाराम कारखान्याला जुनी माणसे अजून शुगर मिल म्हणतात. तेथे हंगाम काढलेले कामगार गल्लोगल्ली आहेत. पुराच्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीकडे असते. बंधाऱ्याचे बरगे काढणाऱ्या हातांचे छायाचित्र मात्र बातमीत येत नाही. काहिलीतील पाक कधी उतरवायचा हे बोटाच्या चिमटीत ओळखणारा गुळव्या, चुलवाणात चिपाड सारीत धगीसमोर रात्र काढणारा त्याचा जोडीदार, उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बीडची ऊसतोडणी करणारी भगिनी : यांच्या हत्याराशेजारी त्यांचे नाव, गाव, काम केल्याची वर्षे आणि मिळालेली मजुरी लिहावी. मजुरीचा आकडा संकोचाने गाळू नये. बावड्यात मांडणी झाली की तीच वडणगे, वळिवडे, कागल येथे न्यावी आणि प्रत्येक गावाने आपला एक फलक त्यात जोडावा.

भारतीय मजदूर संघ विश्वकर्मा जयंती राष्ट्रीय श्रमदिन म्हणून पाळतो. ती १७ सप्टेंबरच्या सुमारास येते आणि गुऱ्हाळे पेटतात दसरा-दिवाळीच्या पुढे. एकदा चुलवाण पेटले की गुळव्याला बोलायला उसंत नसते. माणसांना भेटून त्यांच्याकडून ऐकण्याचे आणि लिहून घेण्याचे काम पावसाळ्यातच उरकायला हवे. शाखेतील तरुणांनी वही-पेन्सिल आणि भ्रमणध्वनी घेऊन आधी पाटाच्या कडेने मळ्यांकडे जावे, कारण तिकडचे म्हातारे आता थोडे उरले आहेत.