आईची जागा

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय सर, बाई आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला आधीच बजावलं होतं, "सॉफ्टवेअरबद्दल बोलू नकोस, निम्मा वर्ग त्याच धंद्यात आहे. गॅरेजमधल्या त्या गाडीबद्दल बोल." तर गाडीबद्दलच बोलते.

गाडी आमच्या बाबांची, येझदी रोडकिंग. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सायलेन्सर. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ती दिसायच्या आधी ऐकू यायची. आपण दहावी झालो त्याच वर्षी म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना बंद पडला. पुढे बाबांनी ती पार्ट शोधत शोधत चालवली. ते गेल्यावर ती कोल्हापूरच्या घरी गॅरेजमध्ये बारा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. भंगारवाला दोनदा विचारून गेला. मला ती नुसती पुसून, हार घालून ठेवायची नव्हती. मला ती चालवायची होती, आणि तीही कॅफे रेसर करून.

कॅफे रेसर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. १९५० आणि ६० च्या दशकांत इंग्लंडमधली तरुण पोरं साध्या मोटरसायकली घेऊन एका कॅफेपासून दुसऱ्या कॅफेपर्यंत शर्यती लावायची. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचा एस कॅफे हा त्यांचा प्रसिद्ध अड्डा. ताशी १०० मैल गाठायचे, ही हौस. त्यासाठी जड ते काढून टाकायचं, हँडल खाली घ्यायचं, पाय ठेवायचे फूटरेस्ट मागे सरकवायचे आणि सीट एकट्यापुरती ठेवायची. ट्रायम्फचं इंजिन नॉर्टनच्या फ्रेममध्ये बसवून त्यांनी 'ट्रायटन' नावाची गाडीच जन्माला घातली. थोडक्यात, हा सगळा कापाकापीचा खेळ.

आणि इथंच माझी अडचण झाली. रिवाजाप्रमाणे फ्रेमचा मागचा भाग करवतीने कापून तिथं गोल पाइप वेल्ड करतात. आई गॅरेजच्या दारात चहा घेऊन आली, माझं वहीतलं चित्र बघितलं आणि म्हणाली, "छान आहे गं. पण मी कुठं बसायचं?"

बाबांच्या मागची ती जागा पंचवीस वर्षं तिची होती. त्या चित्रात ती नव्हतीच. त्या दिवशी मी ठरवलं, या गाडीवर करवत चालणार नाही. जे काही करायचं ते नट-बोल्टवर, म्हणजे पाना घेतला की गाडी पुन्हा जशीच्या तशी व्हायला हवी.

कायद्याची बाजूही तीच निघाली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून फ्रेम आणि सायलेन्सर यांना मी हात लावला नाही. इंजिनाची फक्त दुरुस्ती केली. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकचं मोठं दुखणं म्हणजे क्रँकचे ऑइल सील. ते कडक झाले की इंजिन भलतीकडून हवा ओढतं. ते बदलले. उद्यमनगरात सिलिंडर बोअर करून घेतला, ओव्हरसाइज पिस्टन बसवला.

मग फूटरेस्ट. येझदीचा गंमतीचा भाग असा, की किक आणि गिअर यांचा लिव्हर एकच असतो, डाव्या बाजूला. आत दाबून वर फिरवला की किक, एरवी गिअर. फूटरेस्ट मागे नेले तर गिअरसाठी लिव्हरला सळई जोडावी लागते, आणि सळई जोडली की लिव्हर वर फिरायचा नाही, म्हणजे किक गेली. तेव्हा पाय होते तिथंच ठेवले. पाय पुढे असताना हँडल फार खाली घेतलं तर सगळा भार मनगटांवर येतो. म्हणून नवीन हँडल आणलंच नाही. मूळचंच उलटं फिरवून बसवलं. ही जुनी, बिनखर्चाची युक्ती आहे. हँडल पूर्ण वळवल्यावर मूठ आणि टाकी यांच्यात दोन बोटं जागा राहते का आणि ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते का, एवढं मात्र दोन्ही बाजूंना तपासावं लागतं. चालू गाडीत वळणावर केबल ताणली तर रेस आपोआप वाढते.

राहिली सीट. मूळ सीट दोघांचीच ठेवली. तिच्या मागच्या अर्ध्या भागावर फायबरचं एक कुबड बनवलं, टोपीसारखं. ते घातलं की गाडी कॅफे रेसर दिसते. दोन पट्टे सोडले की ते निघतं. सीटचं रेक्झिन मी घरच्या मशीनवर जाड सुई लावून शिवलं. कार्यानुभवाच्या तासाला बाईंनी घोटून घेतलेली दुहेरी शिवण तीस वर्षांनी अशी कामाला आली. बाई, उसवलेली नाही अजून.

हे सगळं शनिवार-रविवार करत चौदा महिने चाललं. ती ताशी १०० मैल जात नाही, जाणारही नाही. लंडनच्या त्या पोरांनी तिला कॅफे रेसर म्हटलं असतं का, शंकाच आहे. पण पहिल्यांदा रंकाळ्याला चक्कर मारली तेव्हा कुबड घरीच ठेवलं होतं आणि मागे आई होती. पदर नीट खोचून, एका बाजूला बसून. म्हणाली, "हँडल खाली घेतलंयस, त्यामुळे मला पुढचं दिसतंय."

तुमच्याही घरी ताडपत्रीखाली कुणाची तरी राजदूत, लँब्रेटा, बजाज उभी असेल. ती जरूर बदला, आपल्या मनासारखी करा. फक्त करवत लावायच्या आधी, त्या गाडीवर कोण कुठं बसायचं, हे घरात एकदा विचारा. पाने लागले तर माझ्याकडे आहेत.