फ्यूज कोणाला वाचवतो?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोनवर बजावलं होतं, "तू काय काम करतेस ते सांग, पण कळेल असं सांग." सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हटलं की लोकांना मोबाइलचं ॲप आठवतं. माझं सॉफ्टवेअर कुणाच्या नजरेला पडत नाही. ते सबस्टेशनमधल्या एका पेटीत चालतं. त्या पेटीला रिले म्हणतात. तारेतला करंट आणि व्होल्टेज ती सतत मोजते, आणि काही बिघडलं की ब्रेकरला सांगते, तोड. वर्षातले बहुतेक दिवस तिला काही कामच नसतं. पण ज्या दिवशी असतं, त्या दिवशी विचारायला वेळ नसतो.

बिघाड म्हणजे काय, तर वाऱ्याने दोन तारा एकमेकींना लागल्या, फांदी पडली, चिनी मातीचा इन्सुलेटर तडकला. विजेला पंप-पंखे सोडून जवळची वाट सापडते आणि करंट एकदम कितीतरी पटींनी वाढतो. तारा वितळतात, ट्रान्सफॉर्मर पेटतो. म्हणून घाई. आपल्याकडे 400 केव्ही लाइनवरचा बिघाड 100 मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात, तोडला जावा असा नियम आहे. त्यातला बराचसा वेळ ब्रेकर उघडण्यातच जातो. उरलेल्यात आमच्या प्रोग्रॅमने निर्णय घ्यायचा.

नुसतं तोडणं मात्र सोपं आहे. अवघड आहे ते नेमकं तेवढंच तोडणं. एका घरात शॉर्ट झालं तर त्या घराचा फ्यूज उडावा, अख्ख्या गावाचा फीडर जाऊ नये. त्यासाठी मागच्याने थोडं थांबून पुढच्याला आधी संधी द्यायची, आणि पुढच्याने काहीच केलं नाही तर मात्र स्वतः तोडायचं. आमचं निम्मं शास्त्र या थांबण्याच्या हिशोबातच आहे.

मोठ्या लाइनवर हा हिशोब कसा होतो माहीत आहे? शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने! व्होल्टेज भागिले करंट. (आम्ही त्याला इम्पिडन्स म्हणतो, रेझिस्टन्सपेक्षा ते थोडं वेगळं, तो फरक आज सोडून देऊ.) तारेच्या दर किलोमीटरला ते ठरलेलं असतं, त्यामुळे बिघाड झाला की भागाकारावरून तो किती दूर आहे ते कळतं. साधारण 80 टक्के लांबीच्या आत असेल तर लगेच तोडायचं. त्यापुढे असेल तर अर्धा सेकंदभर थांबायचं. आणि त्याहून लांब, शेजारच्या लाइनवर असेल, तर आणखी थांबायचं. हा तिसरा टप्पा म्हणजे झोन तीन. मग पहिला टप्पा 100 टक्के का नाही? मोजण्यात थोडी चूक होतेच, आणि आपल्या चुकीपायी शेजाऱ्याची वीज जायला नको.

हा भागाकार कसा फसू शकतो, ते देशाने 2012 साली पाहिलं. 30 जुलैला पहाटे अडीचच्या सुमारास मध्य प्रदेशातली बीना-ग्वाल्हेर ही 400 केव्ही लाइन ट्रिप झाली. लाइनवर बिघाड नव्हताच. भार फार होता, त्यामुळे करंट वाढलेला आणि व्होल्टेज उतरलेलं. भागाकार लहान आला, आणि झोन तीनला वाटलं, दूर कुठेतरी शॉर्ट झालंय. त्या लाइनचा भार दुसऱ्या लाइनींवर गेला, आणि बघता बघता उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास पुन्हा तीच लाइन, तसंच कारण. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिड गेली. सुमारे साठ कोटी लोक राहतात एवढा तो प्रदेश. आपलं पश्चिम ग्रिड टिकलं, म्हणून इथल्या बहुतेकांनी ते फक्त टीव्हीवर पाहिलं. रिलेने भागाकार बरोबरच केला होता. भार आणि बिघाड यांच्यातली रेघ कुठे ओढायची, ते माणसं ठरवतात.

आता याच्या उलट बाजू. ही मला जास्त अस्वस्थ करते, कारण आपल्यातले पुष्कळजण आजही शेती करतात.

पावसाळ्याच्या तोंडाला वादळात 11 केव्हीची तार तुटून बांधावर पडते. आपण धरून चालतो की तार पडली म्हणजे सबस्टेशनमधून वीज गेली असणार. ओल्या जमिनीवर पडली तर बहुधा जाते. पण कोरड्या मुरमावर, खडकावर पडली तर जमिनीत जाणारा करंट फार थोडा, कधी जेमतेम काही अँपिअर असतो. फीडरवरच्या पंपांचा करंट त्याच्या कितीतरी पट! रिलेच्या दृष्टीने आणखी एखादी मोटर चालू झाली, एवढंच. तार जिवंतच राहते. ठिणगीच्या लहरींवरून हे ओळखायचा प्रयत्न जगभर चालू आहे, मीही त्यात थोडं काम करते. रिले जास्त संवेदनशील केला की उगाच ट्रिप होतो, आणि चार वेळा उगाच ट्रिप झाला की लोक त्याला बंदच करून टाकतात. तेव्हा पडलेल्या तारेपासून लांब राहा, जनावरं लांब ठेवा, आणि सबस्टेशनला फोन करा. अगदी जवळ सापडलात तर लांब टांगा टाकू नका. पाय जुळवून, घासत घासत, लहान लहान पावलांनी मागे या. तारेभोवतीच्या जमिनीत दर पावलाला व्होल्टेज बदलतं, आणि दोन पायांत जेवढं अंतर, तेवढा धोका जास्त.

घरातही हेच गणित. 16 अँपिअरचा एमसीबी शॉर्ट सर्किटला क्षणात तोडतो, पण कुठे, तर 80 ते 160 अँपिअरच्या दरम्यान. माणसाच्या छातीतून एक दशांश अँपिअर गेला तरी हृदय बंद पडू शकतं. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज आणि एमसीबी तारेला वाचवतात, घराला आगीपासून वाचवतात. माणसासाठी नाहीत ते. (डीपीवर उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घातली, तर ते तारेलाही वाचवत नाहीत.)

माणसासाठी असते ती आरसीसीबी. वायरमन तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, एवढंच ती बघते. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला तर तो कुणाच्या तरी अंगातून जमिनीत जातोय असं समजून तोडते. गिझर, पाण्याची मोटर, ओल्या हाताने धरलेली इस्त्री, सगळ्याला तिचा उपयोग. तेवढी एक मात्र आठवण ठेवा, एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर तिलाही काही कळत नाही.

घरी गेल्यावर मेन बोर्ड उघडून बघा. आरसीसीबी असेल तर तिच्यावर 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. दाबल्यावर खटका पडून दिवे गेले पाहिजेत. गेले नाहीत, किंवा बटण असलेलं काही बोर्डात सापडलंच नाही, तर उद्या सकाळी वायरमनला बोलवा.