घुम्या पोराकडे आधी पाहा
(वसतिगृह अधीक्षक व सेविकांच्या शिबिरातील भाषण)



शाळा उघडली की नवी पोरं वसतिगृहात येतात. पंधरा दिवसांत आपण शेरा मारून मोकळे होतो. हा हुशार, तो घुम्या, ती मंद. साकोली-लाखांदूरकडचं पोर घरी झाडीबोली बोलतं. काही गोंड घरांत अजून गोंडी आहे, ती तर द्रविड कुळातली, मराठीपेक्षा तेलुगूला जवळची. पुस्तकी मराठीत धडाधड उत्तर आलं नाही, तर तो स्वभाव की भाषेची अडचण, हे पंधरा दिवसांत कसं कळणार?

स्वभाव जन्मजात असतो, हे खरं. न्यूयॉर्कमधल्या थॉमस आणि चेस या डॉक्टर दांपत्याने 1956 पासून तान्ह्या बाळांपासून मुलांचा अभ्यास केला. काही मुलं हळूहळूच मोकळी होतात, असं त्यांना दिसलं. तो दोष नव्हे. घराचा, शाळेचा आणि मुलाचा मेळ बसला नाही की त्रास सुरू होतो. चीनमधल्या शहरी शाळांत 1990 साली बुजरी मुलं सवंगड्यांना आवडत, शिक्षकही त्यांना गुणी म्हणत. 2002 पर्यंत तशीच मुलं एकटी पडू लागली. बदलली ती शाळेची अपेक्षा.

आता आफ्रिकेतली गोष्ट ऐका. केनियातल्या मसाई लोकांत डिव्रीज नावाच्या डॉक्टरने 1974 च्या सुमारास शांत आणि किरकिरी बाळं नोंदवली. मग मोठा दुष्काळ पडला. परत गेल्यावर सात शांत बाळांचा पत्ता लागला, त्यांतली पाच दगावली होती. सहा किरकिऱ्यांपैकी एकच. आकडे लहान आहेत, पण कारण आपल्या बायाबापड्यांनाही ठाऊक आहे : रडतं त्याला आधी पाजलं जातं.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्या भागात सिकलसेल आहे. थंडी, ताप, पाणी कमी पिणं, यांतून हातापायांत असह्य कळा उठतात. बोलकं पोर ओरडून सांगतं. घुम्या पोर गोधडी ओढून पडून राहतं, आणि आपण म्हणतो, आळशी आहे!

म्हणून रात्रीच्या हजेरीला नुसतं नाव पुकारू नका. जवळ जा. गोंडी येणारा मोठा मुलगा सोबत घ्या आणि हातपाय दुखतात का, दिवसभरात पाणी किती प्यायलं, एवढं विचारा. सिकलसेलच्या पोराला ताप असला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखान्यात न्या.