परसबागेचं साल
(जिल्हा बैठकीतील भाषण)



पाडवा चार दिवसांवर आला. पाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. रोख किती, ज्वारी किती, सुट्ट्या किती, सगळं बोलून घेतलं जातं. यंदा आम्ही आमच्या परसबागेचंही साल ठरवायचं म्हणतो. कापसाच्या बैठकीत वांगी-दोडक्याचं काय काढलं, असं काहींना वाटेल. थोडं ऐकून घ्या.

गेल्या साली आम्ही अर्ध्या गुंठ्याची परसबाग आखली. शेतकीची पदवी घेतलेला माणूस आखणार म्हणजे कागदावर आखणार! वाफे, ओळी, कुठल्या महिन्यात काय, सगळं होतं. महाशिवरात्रीला लागवड झाली, एप्रिलमध्ये दोन-चार भाज्या निघाल्या आणि मेच्या मध्यावर सगळं वाळलं. आम्ही उन्हाला दोष दिला. घरच्या बाईंनी एवढंच विचारलं, "पाणी कोण आणणार, ते तुमच्या कागदावर कुठं लिहिलं होतं?"

मग हिशेब मांडला. जमिनीच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात भाजीला दिवसाला किमान पाच मिलिमीटर लागतं. अर्धा गुंठा म्हणजे ५० चौरस मीटर. रोजचे २५० लिटर, पंधरा लिटरच्या सतरा बादल्या. पाच माणसांच्या घरात आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी धरून सात बादल्या निघतात. उरलेल्या दहा बादल्या हातपंपावरून येत होत्या. आणत होत्या घरच्या बाई. रोजचा एक तास धरला तरी अडीच महिन्यांत ७५ तास, म्हणजे आठ तासांचे नऊ रोज भरून वर. आमच्या खर्चाच्या वहीत बियाणं होतं, शेणखत होतं. हे नऊ रोज नव्हते.

कापसाच्या भावात शेतकऱ्याच्या घरच्या माणसांची मजुरी कमी धरतात म्हणून आपण रस्त्यावर बसतो. आणि आमच्या परसात? तिथे ती मजुरी शून्य धरली होती. ती कोण्या सरकारने धरली नव्हती. आम्हीच धरली होती.

यंदा उन्हाळ्यात बाग वीसच चौरस मीटर, चौदा फूट बाय पंधरा. न्हाणीच्या सात बादल्यांत बसेल तेवढीच. त्यात गवार, चवळी, तांदूळजा, उन्हाला टिकणारं. वर पालापाचोळ्याचं आच्छादन. धुण्याच्या सोड्याचं पाणी मात्र बागेत सोडायचं नाही. काळ्या जमिनीत ते रोज मुरलं की जमीन चोपण होते. बाकीची जागा मृगापर्यंत मोकळी. पाऊस पडला की कुंपणावर वाल, दोडका, कारली चढवू, कोपऱ्यात शेवग्याची फांदी खोचू.

कुंपणावरून आठवलं. आपण कुंपण पऱ्हाट्यांचं करतो आणि तिच्यावरची किडकी बोंडं तशीच राहतात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तुम्हाला सांगायला नको. ती अळी त्याच बोंडांत दडून बसते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन शेतात जाते. म्हणून बोंडं तोडून, जाळूनच कुंपण. आणि फवारणीच्या पंपात उरलेलं औषध "वाया कशाला" म्हणून वांग्यावर मारायचं नाही. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ पासूनच बंदी आहे. औषधाचा रिकामा डबा तर बागेला पाणी घालायलासुद्धा नको.

पूर्वी आपल्या आयांना एवढी बाग लागत नव्हती, कारण भाजी शेतातच होती. कापसात अंबाडी, ज्वारीच्या कडेला चवळी, वाळकं. बियाणं राखेत घोळून गाडग्यात ठेवलेलं. नोकरीत असताना आम्हीच बांधावर उभं राहून सांगायचो, एकच पीक घ्या, शेत स्वच्छ ठेवा. शेतं स्वच्छ झाली. अंबाडीची भाजी बाजारातून येऊ लागली. तो सल्ला देताना त्या भाजीची किंमत आम्ही कुठेच धरली नव्हती. अंबाडी कापसाच्याच कुळातली, तिच्यावर कीड थांबते, हे खरं. म्हणून यंदा ती कपाशीत घालणार नाही, ज्वारीच्या कडेला दोन ओळी घालू. बियाणं शेजारच्या गावातल्या एका म्हातारीकडे मिळालं, मूठभर. त्यातलं निम्मं परत करायच्या बोलीवर.

राहिलं पाणी घालायचं काम. सकाळची पाळी आमची, संध्याकाळची पोरांची. बैठकीला बाहेरगावी गेलो तर ती पाळी भरून द्यायची, सालगड्याचा खाडा भरून घेतो तशी. हे घरी सांगितलं तेव्हा बाई हसल्या. म्हणाल्या, "पाळी चार दिवस चालेल. त्यापेक्षा माझं साल ठरवा. मी बाग करते, आकडा बोला."

आकडा अजून ठरलेला नाही. पाडव्याला गुढी उभारली की बसायचं आहे.