एका वाघावर उभें राहिलेलें वैभव

वाघ पाहावयास निघालेल्या प्रवाशांचें नागपूर हें आज महाद्वार झालें आहे. उत्तरेस पेंच, दक्षिणेस ताडोबा, पूर्वेस नागझिरा आणि आग्नेयेस उमरेड-पवनी-कऱ्हांडला, अशीं चोहों बाजूंचीं अरण्यें या शहराच्या हाताशीं आहेत. ताडोबाचें नांव जुनें. तेथें राष्ट्रीय उद्यान झालें तें १९५५ सालीं. कऱ्हांडला त्या मानानें कालचें. भिवापुरी मिरचीच्या मुलखालगत असलेल्या सुमारें १८९ चौरस किलोमीटरांच्या या रानास अभयारण्याचा दर्जा मिळाला तो २०१२ सालीं. नव्या प्रवासस्थळाचें दैव कसें उघडतें आणि कसें झांकोळतें, याचा धडा घ्यावयाचा असेल तर तो येथेंच घ्यावा.

२०१३ सालीं नागझिऱ्याकडून एक तरुण वाघ रस्ते, शेतें व वस्त्या ओलांडीत, शंभराहून अधिक किलोमीटरांची मजल मारून या रानांत आला आणि येथेंच राहिला. ‘जय’ हें त्याचें नांव. देह भव्य, चाल राजाची, आणि माणसांच्या गाड्या पाहून दडून बसण्याची संवय नाहीं. पाहतां पाहतां त्याची कीर्ति देशभर झाली. ज्या रानाची वाट पुष्कळ नागपूरकरांनाही ठाऊक नव्हती, त्याच्या दारांत गाड्यांच्या रांगा लागल्या. आसपासच्या खेड्यांतील तरुणांस गाइडचें काम मिळालें, कोणी जिप्सी चालवूं लागला, कोणाच्या घरीं पाहुण्यांच्या जेवणाची सोय झाली. पुढें २०१६ च्या एप्रिलनंतर जय दिसेनासा झाला. त्याच्या गळ्यांतील रेडिओ-पट्टाही मुका झाला. शोध पुष्कळ झाला. माग लागला नाहीं. वाघ गेला आणि त्याच्या मागोमाग पाहुणेही ओसरले.

रान तेंच होतें, तलाव तेच होते, मोहाचीं झाडेंही जागच्या जागीं होतीं. तरीही गांवकऱ्यांची मिळकत घटली. कारण तिचें सारें ओझें एकाच खांबावर ठेविलेलें होतें, आणि तो खांब चार पायांनीं चालणारा होता.

या धड्याची दुसरी बाजू ३१ डिसेंबर २०२४ या दिवशीं दिसली. वर्षाखेरीची गर्दी होती. गोठणगांवच्या बाजूस ‘एफ-२’ या नांवानें ओळखली जाणारी वाघीण आपल्या पांच बछड्यांसह वाटेवर आली, आणि दोन्ही बाजूंनीं आलेल्या गाड्यांनीं त्या मायलेंकरांची वाट अडविली. पुढें जावें तरी माणूस, मागें फिरावें तरी माणूस! हें दृश्य टिपलें गेलें आणि देशभर पसरलें. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें जानेवारी २०२५ मध्यें आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. चालकांना व गाइडना निलंबनाची शिक्षा झाली.

शिक्षा योग्यच होती. पण या अपराधाचें मूळ कोठें आहे, याचाही विचार व्हावयास हवा. पाहुणा गाडींत पाय ठेवतो तोंच विचारतो, ‘आज वाघ दिसणार ना?’ दिसला तर खुशी उदार. न दिसला तर चेहरा आंबट. ज्याचें घर या खुशीवर चालतें, तो चालक गाडी चार हात पुढें दामटतो. निलंबनानें चूल विझते ती त्याची. पाहुणा मात्र चित्रें घेऊन आपल्या गांवीं परततो.

नियमांची उणीव नाहीं. वाघांच्या गाभाक्षेत्राचा वीस टक्क्यांहून अधिक भाग प्रवाशांस खुला करूं नये, असें २०१२ सालींच ठरलें आहे. रोज सोडावयाच्या गाड्यांसही मर्यादा असते. आफ्रिकेंतील रुआंडा देशांत तर गोरिलांच्या एका कुटुंबापाशीं दिवसांतून आठच पाहुणे, आणि तेही एकच तास, जाऊं शकतात. मात्र २०१७ पासून त्यासाठीं माणशीं दीड हजार डॉलर मोजावे लागतात. संख्येचा हा संयम अनुकरणीय आहे. किंमत मात्र नव्हे. विदर्भाचें रान उमरेडच्या शाळकरी मुलास परकें झालें, तर उद्यां तें राखावयास कोण उभें राहील?

मार्ग पेंचनें दाखविला आहे. जानेवारी २०२४ मध्यें पेंच हें भारतांतील पहिलें ‘डार्क स्काय पार्क’ ठरलें. त्यासाठीं वाघोली, सिल्लारी, पिपरिया व खापा या गांवांतील शंभराहून अधिक पथदिवे बदलून त्यांचा उजेड खालीं जमिनीकडे वळविण्यांत आला. आतां तेथें येणारा पाहुणा दुर्बिणींतून ग्रह-तारे पाहतो. आकाशास कोणी घेरूं शकत नाहीं, आणि तें एका रात्रींत रान सोडून जातही नाहीं. कऱ्हांडल्याजवळही असें धन आहे. वैनगंगेच्या कांठीं पवनी हें प्राचीन नगर आहे. १९६९-७० च्या उत्खननांत तेथें बौद्ध स्तूपाचे अवशेष सांपडले. सकाळीं रान, दुपारीं गांवांतील जेवण आणि सायंकाळीं पवनीचा घाट, असा दिवस ज्यानें घालविला, त्याची फेरी वाघ न दिसतांही फुकट जात नाहीं. त्यानें दिलेला पैसाही एकट्या जिप्सीच्या चालकापाशीं न थांबतां चार घरांत पोहोंचतो.

यासाठीं फार मोठ्या द्रव्याची गरज नाहीं. गाइडला वाघाच्या पावलांइतकीच पक्षी, वृक्ष आणि गांवाचा इतिहास यांची ओळख करून द्यावी; त्याचा मेहनताना असा ठरवावा कीं वाघ न दिसल्यास त्याच्या ताटांतील भाकरी कमी होऊं नये. नियम दारावर लिहिलेले असतात; त्यांना बळ येतें तें पाहुण्याच्या मनांतील धीरामुळें.

रानांतून परतलेल्यास घरचीं माणसें पहिला प्रश्न करितात, ‘वाघ दिसला का?’ त्याऐवजीं त्यांनीं ‘काय काय पाहिलें?’ असें विचारावयास आरंभ केला, तर कऱ्हांडल्याच्या वाघिणीस आपल्या पिलांसह वाट ओलांडावयास मोकळीक मिळेल, आणि तिच्या रानाभोंवतालच्या घरांतील चुलीही बारमाही पेटत्या राहतील.