दारात आलेली स्पर्धा

२०२२ च्या जानेवारीत महिलांची आशियाई फुटबॉल स्पर्धा महाराष्ट्रात भरली. भारताचा पहिला सामना नेरूळच्या मैदानावर! आम्हां डोंबिवलीकरांस ते किती दूर? लोकलने ठाणे, तेथे गाडी बदलली की नेरूळ. परंतु कोरोनामुळे प्रेक्षकांस दार बंद. २० तारखेची इराणशी झालेली शून्य-शून्य बरोबरी आम्ही घरीच पाहिली. २३ तारखेस चायनीज तैपेईशी गाठ होती. पण संघात आजार शिरला, १३ खेळाडू उभ्या करता येईनात, आणि यजमानच स्पर्धेबाहेर! निदान हरावयास तरी मिळावयाचे होते. आम्ही रुसलो. तरी ६ फेब्रुवारीस अंतिम सामन्याला बसलोच. दोन गोलांनी मागे पडलेल्या चीनच्या मुलींनी दक्षिण कोरियाला ३-२ असे हरविले, तेव्हा आमचा चहा केव्हाच निवला होता.